ओढ्याची तब्येत कशी पाहावी? बाटलीभर पाणी तपासून भागते का?

पाणलोट

बोरिवली पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारावरून निघालेला एक लहानसा ओढा आमच्या वसाहतीच्या मागच्या भिंतीला लागून जातो. जुने रहिवासी त्याला अजूनही ओढा म्हणतात, नंतर आलेले नाला म्हणतात, आणि सर्वसाधारण सभेत वाद सुरू झाला तो ह्याच शब्दावरून. मागच्या फाटकापासून काठाकाठाने एक पायवाट करावी आणि मुलांना तिथे नेता यावे, असा काही जणांचा प्रस्ताव होता. त्यावर ‘आधी पाणी तपासून घ्या’ असे ठरले आणि ऑगस्टमध्ये एका खासगी प्रयोगशाळेकडे बाटलीभर पाणी पाठवण्यात आले. अहवालात सामू (पीएच) ७.४ होता, क्षार कमी होते, कठीणपणा कमी होता आणि गढूळपणा तेवढा थोडा जास्त होता. सचिवांनी तो कागद सूचनाफलकावर लावला आणि ओढा पास झाला.

मला तो कागद पटलेला नाही. बाटली भरली त्याच्या आधीचे दोन दिवस संततधार पाऊस होता. एरवी, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, ह्याच पाण्याला असा वास येतो की मागच्या बाजूच्या बिऱ्हाडांना खिडक्या उघडता येत नाहीत. एकच पाणी ऑगस्टात उत्तीर्ण आणि एप्रिलात असह्य कसे, हे मला सभेत नीट मांडता आले नाही, म्हणून ‘पाणलोट’ ह्या नावाने इथे, ह्या चर्चामंचावर, विचारतो आहे.

पाणी पिण्याजोगे आहे का, हा माझा प्रश्नच नाही, कारण ते कोणी पिणार नाही. ओढा म्हणून तो जिवंत आहे का, असल्यास कितपत, आणि नेमका कुठपासून बिघडत जातो, हे आमच्यासारख्या रहिवाशांना फार खर्च न करता, पण कोणी सहज खोडून काढू शकणार नाही अशा रीतीने ठरवता येईल का? येथे पाण्याच्या कामात आयुष्य घालवलेली मंडळी आहेत, आणि कीटकांमागे हिंडणारीही आहेत. दोघांनीही लिहावे.

रसायनशाळा

माझी नोकरी पाण्याच्याच प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे आपल्या अहवालाचा पक्ष घेऊन सुरुवात करतो. तो अहवाल खोटा नाही. तो एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. सामू, कठीणपणा, क्षार ह्या कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यासाठी करायच्या चाचण्या आहेत. घरगुती मैलापाण्याचा सामूसुद्धा बहुधा सातच्या आसपासच असतो. त्यामुळे ७.४ हा आकडा पाहून ओढ्यात मैला येत नाही असे म्हणणे म्हणजे रुग्णाचे वजन पाहून त्याला ताप नसल्याचे सांगणे होय.

ओढ्यासाठी पहिली चाचणी विरघळलेल्या प्राणवायूची. गोड्या पाण्यात तो मुळातच फार थोडा मावतो, आणि पाणी जितके उबदार तितका कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५. म्हणजे मुंबईच्या ओढ्याला आधीच तुटपुंजी शिदोरी मिळालेली असते, आणि थंड प्रदेशातील नद्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकातील आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीयोग्य पाण्यात हा प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो, आणि मासे व वन्यजीव यांच्यासाठी किमान ४.

दुसरी चाचणी जैवरासायनिक प्राणवायू मागणीची, जिला आम्ही सगळे बीओडीच म्हणतो. पाण्यातील घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, याचे ते माप आहे. पूर्वी बाटली २० अंशांना पाच दिवस ठेवत. आपल्याकडील हवामान लक्षात घेऊन ती २७ अंशांना तीन दिवस ठेवण्याची पद्धत रूढ झाली. अंघोळीयोग्य पाण्याची बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवी, आणि कच्च्या मैलापाण्याची साधारणपणे दीडशे ते तीनशेच्या घरात असते, एवढे सांगितले की पुरे. तिसरी चाचणी अमोनियाची. ताजा मैला किंवा तबेल्याचे शेण-मूत्र पाण्यात येत असेल तर अमोनिया त्याची चुगली करतो.

आता आपल्या ऑगस्टच्या बाटलीविषयी. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. संततधारेत आपल्या ओढ्यात येणारे मैलापाणी थांबलेले नव्हते, ते फक्त पातळ झाले होते. वरणात चार तांबे पाणी ओतले म्हणून मीठ कमी टाकले होते असे ठरत नाही.

प्राणवायू मोजण्याचे यंत्र महाग असते, पण विंकलरची पद्धत १८८८ पासून चालत आलेली आहे आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही सहज करता येते. काचेच्या बुचाची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची आणि मँगनीज सल्फेट व अल्कलीयुक्त आयोडाइड पाण्याच्या पातळीखाली सोडायचे. बूच लावून बाटली उलटसुलट केली की साका तयार होतो. तो तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, आणि पांढराच राहिला तर नाही. पुढे आम्ल घालणे आणि अनुमापन, म्हणजे थेंब थेंब रसायन सोडून नेमका आकडा काढणे, हे नंतर करता येते, पण सभेत दाखवायला त्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी चालतात. मी स्वतः अनेक बैठकांत आकडे वाचून थकलो आहे. पांढरा साका पाहिल्यावर मात्र लोक खुर्ची पुढे ओढतात.

एक सावधगिरी. वेळ लिहून ठेवा. शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी उन्हाच्या वेळी प्राणवायू भरपूर दिसतो, कारण शेवाळ तो तयार करत असते, आणि रात्रभर तेच शेवाळ व जिवाणू तो खाऊन टाकतात. एका नाल्यावर दुपारी तीनला मिळालेले उत्तम आकडे पाहून आम्ही खूश झालो होतो. पहाटे साडेपाचला तिथेच भरलेल्या बाटलीत साका जवळजवळ पांढरा होता. मासे मरतात ते पहाटे, आणि नमुने घेणारे येतात न्याहारी करून.

टाचणी

रसायनशाळा यांनी शेवटी जे लिहिले आहे तिथूनच माझे म्हणणे सुरू होते. बाटली त्या क्षणाचे पाणी सांगते. रात्री दोन वाजता कोणी टँकर रिकामा केला आणि सकाळी आठला तुम्ही बाटली भरली, तर तुमच्या हाती काहीच लागत नाही. पण दगडाखाली राहणारी अळी त्या रात्री तिथेच होती. ती महिनोन्‌महिने त्याच पाण्यात असते, उठून जाऊ शकत नाही, आणि न सोसणारे काही घडले तर नाहीशी होते. म्हणून ओढ्याचा रोजनामचा वाचायचा असेल तर दगड उलटावेत.

पद्धत अशी आहे. ओढ्याचा जो भाग उथळ असून पाणी खळखळत जाते तो निवडा. डोहाचा नमुना वेगळा घ्या, दोन्ही एकत्र करू नका. लाकडी चौकटीला अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांचे जाळीचे कापड ताणून ते प्रवाहाच्या खालच्या अंगाला तळाला टेकवून धरायचे आणि वरच्या अंगाला उभे राहून पायाने गोटे-वाळू ढवळायची. वेळ घड्याळ लावून तीन मिनिटे. प्रत्येक ठिकाणी तीनच, कारण एका जागी तीन आणि आवडत्या जागी दहा मिनिटे ढवळले तर तुलना संपली. मग मोठे गोटे हाताने उचलून त्यांची खालची बाजू जाळीत खरवडायची. जाळीतला सगळा ऐवज पांढऱ्या, सपाट तळाच्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात पसरायचा आणि हात न लावता दोन मिनिटे नुसते पाहायचे. आधी फक्त पाने आणि कचरा दिसतो. मग एक काडी चालू लागते.

ती चालणारी काडी म्हणजे बहुधा कॅडिसमाशीची अळी असते. वाळूचे कण, पानांचे तुकडे स्वतःच्या रेशमाने जोडून ती अंगाभोवती नळी बांधते. गोट्याला चिकटलेला चपटा, रुंद डोक्याचा, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले हलवणारा जीव दिसला तर ते मेमाशीच्या (इंग्रजीत मेफ्लाय) हेप्टाजेनिडी कुळातील पिल्लू. हे कूळ स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या वाहत्या पाण्याची साक्ष देते. मेमाशीचेच बीटिडी कूळ मात्र चिवट आहे. इवल्या माशासारखे सुळकन पोहणारे ते पिल्लू थोडी घाण सोसते. म्हणून ‘मेमाशी सापडली’ एवढे लिहून थांबू नका, कोणत्या कुळाची ते लिहा.

उलट टोकाला लाल अळ्या असतात. कायरोनोमिडी कुळातील ह्या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखे हिमोग्लोबिन असते, त्यामुळे प्राणवायू जवळपास संपलेल्या गाळातही त्या तग धरतात. संध्याकाळी नाल्यावर घोंघावणारे जे थवे पाहून लोक डासांची तक्रार करतात, त्यांतले पुष्कळसे ह्याच अळ्यांचे प्रौढ असतात आणि ते चावत नाहीत. त्याहून वाईट पाण्यात ट्युबिफेक्सचे तांबडे, धाग्यासारखे गांडूळ गाळात डोके खुपसून शेपट्या हलवत असतात, आणि लांब श्वासनळी पाण्याबाहेर काढून जगणारी उंदीरशेपटी अळीही दिसते. तिला पाण्यातील प्राणवायूची गरजच नसते, ती वरची हवा घेते.

लाल अळ्या दिसल्या म्हणजे ओढा मेला, असे मात्र नव्हे. थोड्या लाल अळ्या सुदृढ ओढ्यातही असतात. चिंता करायची ती ट्रेमध्ये त्यांच्याशिवाय दुसरे काहीच नसेल तेव्हा.

जुना दहिसरकर

लहानपणी आम्ही दहिसर नदीत पोहत होतो, हे मी माझ्या नातवंडांना सांगतो तेव्हा ती हसतात. उद्यानातून उतरून मनोरीच्या खाडीला मिळणारी जेमतेम बारा किलोमीटरची ही नदी, पण गावठाणाजवळ तिच्यात डोह होते आणि काठाला वाळुंज व करंज होते. पात्रातल्या गोट्यांखाली खेकडे मिळत.

माझा अनुभव सांगतो, चूक असल्यास दुरुस्त करावी. मागच्या आठवड्यात पुलावरून खाली पाहिले तर काळ्या पाण्यातही लहान लहान मासे शेकड्यांनी होते. मासे आहेत, म्हणजे पाण्यात अजून जीव आहे, असे समजायला हरकत नसावी.

टाचणी

काका, ते बहुधा गप्पी मासे असावेत. मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले आणि कॅरिबियन बेटांतले. डासांच्या अळ्या खातात म्हणून गेल्या शतकापासून आपल्याकडे विहिरी-हौदांतून सोडले गेले आणि तिथून नाल्यांत पोहोचले. पाण्यात प्राणवायू उरला नाही की ते पृष्ठभागाला तोंड लावून वरच्या पातळ थरातले पाणी घेतात. तेव्हा गप्पींची गर्दी हे आरोग्याचे लक्षण धरता येत नाही. चिलापीचेही तेच, तीही बाहेरून आणलेली आणि वाटेल ते सोसणारी आहे. तुमच्या गोट्यांखालच्या खेकड्यांची साक्ष मी जास्त मोलाची मानेन. खेकडे कुठल्या वळणापर्यंत मिळत, हे आठवत असेल तर अवश्य लिहा, कारण तशी नोंद कुठल्याही प्रयोगशाळेत सापडायची नाही.

मोजपट्टी

हे सगळे रंजक आहे, पण सभेत ‘काडी चालू लागली’ असे सांगून ठराव होत नसतो, तिथे आकडा लागतो. तो काढण्याची रीत उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी (बायॉलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) गुणतक्त्यात प्रत्येक कुळाला १ ते १० गुण दिलेले आहेत. घाण अजिबात न सोसणाऱ्या हेप्टाजेनिडीला १०, बीटिडीला ४, जाळे विणून बसणाऱ्या हायड्रोसायकिडी कॅडिसला ५, फायसिडी गोगलगाईला ३, लाल अळ्यांच्या कायरोनोमिडीला २ आणि गांडुळांच्या गटाला १. सापडलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करायची आणि कुळांच्या संख्येने भागायचे. सरासरी जितकी जास्त तितका ओढा निरोगी. एका कुळाचा एक जीव सापडो वा शंभर, गुण एकदाच धरायचे, त्यामुळे मोजदादीचे कष्टही वाचतात. आपल्या केंद्रीय मंडळानेही ह्याच धर्तीवर भारतीय नद्यांसाठी जैविक निकष बसवले आहेत.

टाचणी

तक्त्याला माझा विरोध नाही, तो डोळे मिटून वापरण्याला आहे. उदाहरण घ्या. समजा आपल्या ट्रेमध्ये बीटिडी, फायसिडी, कायरोनोमिडी आणि गांडुळे अशी चार कुळे मिळाली. बेरीज १०, सरासरी २.५, म्हणजे ओढा आजारी. आता त्यात लिबेल्युलिडी कुळातील चतुराचे एक पिल्लू सापडले. मूळ ब्रिटिश तक्त्यात ह्या कुळाला ८ गुण आहेत. बेरीज १८, कुळे पाच, सरासरी ३.६. एका पिल्लाने ओढा बरा झाला!

पण मुंबईत ते पिल्लू कोणाचे असण्याची शक्यता आहे? आपल्या नाल्यांच्या कडेला जो नारिंगी-तांबडा, पंखांवर नारिंगी छटा असलेला चतुर झुडपाच्या टोकावर बसलेला असतो, त्याचे शास्त्रीय नावच ब्राचिथेमिस कंटॅमिनाटा आहे. इंग्रजीत त्याला डिच ज्वेल, म्हणजे गटारातले रत्न म्हणतात. तोसुद्धा लिबेल्युलिडीच. तिकडे ज्या कुळाला स्वच्छतेचे प्रशस्तिपत्र मिळते, त्याच कुळातला हा भाऊबंद इकडे मैलापाण्याच्या काठी सुखाने नांदतो. उलट, हिरवेगार चमकते मागचे पंख असलेली न्यूरोबेसिस टाचणी, म्हणजे चतुराच्या नात्यातला सडपातळ कीटक, जंगलातल्या वाहत्या, सावलीतल्या ओढ्यांवर दिसते. ती तुमच्या वसाहतीमागे दिसली तर मला मध्यरात्रीही फोन करावा.

मुद्दा असा की, परक्या तक्त्याने काढलेला एकटा आकडा काही सांगत नाही. तोच तक्ता, त्याच हातांनी, त्याच आठवड्यात, ओढ्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला लावला, तर दोन आकड्यांतला फरक मात्र बोलतो. आणि येथे मुंबईइतके भाग्य दुसऱ्या महानगराच्या वाट्याला क्वचित आले असेल. दहिसर आणि पोईसर ह्या दोन्ही नद्या शहराच्या हद्दीतल्याच राष्ट्रीय उद्यानात उगम पावतात. आजारी ओढ्याचा निरोगी जुळा भाऊ दोन-तीन किलोमीटरवर उभा आहे, आणि तुलना त्याच्याशीच करायची.

पाणलोट

हे माझ्या डोक्यात नव्हते. आम्ही ओढ्याची तुलना कागदावरच्या मर्यादांशी करत होतो. त्याची तुलना त्याच्याच वरच्या अंगाशी करावी, हे इतके उघड असून सुचले नाही.

ह्यावरून एक शंका. वरच्या अंगाला ओढा जानेवारी-फेब्रुवारीत जवळजवळ आटतो. नुसते ओले गोटे आणि मधे मधे डबकी उरतात. आमच्या भिंतीजवळ मात्र तो मे महिन्यातही घोटाभर वाहत असतो, आणि सभेत एका गृहस्थांनी ‘बारमाही ओढा आहे, जपला पाहिजे’ असे कौतुकाने सांगितले होते.

रसायनशाळा

मग निदान झालेच म्हणायचे. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, असे ज्या डोंगरउताराचे वर्ष आहे, तिथून आलेला लहान ओढा मे महिन्यात वाहत असेल आणि त्याचा वरचा भाग कोरडा असेल, तर मधल्या पट्ट्यात कोणीतरी त्याला पाणी पाजते आहे, आणि ते पाणी बहुतांशी घरांच्या मोऱ्यांतून आणि संडासांतून येते. आटणे हा ह्या ओढ्याचा स्वभाव आहे. तिथले जीव त्याच वेळापत्रकाने जगतात, काही गोट्यांखालच्या ओलीत, काही उरलेल्या डोहांत, काही अंडी ठेवून. बारमाही होणे हीच त्याची व्याधी आहे.

उन्हाळ्यात एक सोपे काम करा. साधे विद्युतवाहकतामापक पेनाएवढे असते आणि फार महाग नसते. वरच्या डबक्यापासून सुरुवात करून दर पन्नास पावलांवर ते पाण्यात बुडवा आणि आकडा लिहा. पावसाच्या पाण्याने आणि काळ्या पाषाणातल्या झऱ्यांनी बनलेल्या पाण्याची वाहकता कमी असते. मैलापाण्यात मीठ, साबण, मूत्र असल्याने ती कितीतरी पटींनी वाढते. आकडा जिथे एकदम उडी घेतो, तिथे काठाकडे पाहा. तिथे नळ दिसेल, किंवा भिंतीला ओल दिसेल.

खाडीकाठ

एक अनुभव लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाचा वेळ वाया जाणार नाही. आम्ही काही मित्रांनी अशीच वाहकता लिंक रोडच्या पश्चिमेला एका नदीत मोजली आणि आकडा हजारोंत पाहून हादरून गेलो. कारखान्याचे पाणी, रसायने, इथवर आमची चर्चा पोहोचली. एका कोळी बांधवाने पाणी पायाने उडवत विचारले, ‘उधाणाची भरती आहे, खारे पाणी वर येणारच, तुम्ही मोजताय काय?’ समुद्राच्या पाण्याची वाहकता पन्नास हजार मायक्रोसिमेन्सच्या घरात असते. त्याचा थोडा अंश मिसळला तरी मापक वेडे होते. त्या पट्ट्यात मेमाशी न सापडणे हा प्रदूषणाचा पुरावा नव्हे, कारण तिथे ती कधीच नव्हती. खाडीचा भाग वेगळ्या मोजपट्टीने तपासावा लागतो, आणि गोड्या पाण्याचे ठिकाण निवडताना भरतीचे वेळापत्रक आधी पाहावे.

वनवाट

उत्साहावर पाणी ओतण्याचा हेतू नाही, पण दोन गोष्टी लिहिणे भाग आहे. उद्यानाच्या हद्दीत जाळी घेऊन उतरू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून कोणताही जीव, मग तो दगडाखालची अळी का असेना, परवानगीशिवाय उचलता येत नाही. वनविभागाला रीतसर पत्र लिहा, किंवा हद्दीच्या भिंतीबाहेर, जिथे वस्ती अजून सुरू झालेली नाही अशा पट्ट्यात वरचे ठिकाण निवडा. आणि ट्रेमध्ये पाहून झाले की जीव त्याच जागी, सावलीत, परत सोडा.

दुसरे म्हणजे पायात गमबूट आणि हातात रबरी मोजे असल्याशिवाय वसाहतीजवळच्या पाण्यात कोणीही उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि लहानशा खरचटण्यातूनही शरीरात जातात. मुंबईत दर पावसाळ्यात ह्या आजाराचे रुग्ण असतात. मुलांना ट्रेभोवती बसवा, पाण्यात उतरवू नका.

मोजपट्टी

वेळेविषयी कोणी लिहिले नाही म्हणून विचारतो. नमुना केव्हा घ्यावा?

टाचणी

पावसाळ्यात नाही. मोठा लोंढा आला की गोटे गडगडतात आणि जीव वाहून जातात. त्या वेळी रिकामा ट्रे मिळाला तर दोष पुराचा असतो. शेवटच्या मोठ्या पावसानंतर तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत. तेवढ्यात वरून वाहत आलेली पिल्ले आणि नव्याने घातलेली अंडी यांमुळे तळ पुन्हा वसतो. माझ्या मते ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम, कारण पाणी निवळलेले असते आणि वरचा भाग आटलेला नसतो. नालेसफाईचे यंत्र पात्रात उतरून गेले असेल, तर त्याचीही तारीख नोंदवा. गाळाबरोबर गोटे, काठाची मुळे आणि राहणारे जीव असे सगळेच उचलले जाते.

आणि पाण्याकडे पाहताना काठाकडेही पाहा. दोन्ही बाजूंना सिमेंटची भिंत आणि तळाला काँक्रीट असेल, तर उद्या गंगाजल सोडले तरी चपटी मेमाशी राहणार कुठे? तिला गोट्याची खालची बाजू लागते. सावली नाही, पाने पडत नाहीत, म्हणजे पाने कुरतडून जगणाऱ्यांचा शिधाही बंद. रसायनशाळा यांची बाटली उत्तीर्ण आणि माझा ट्रे अनुत्तीर्ण असे जेव्हा होते, तेव्हा बहुधा कारण हेच असते.

पाणलोट

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहा जण गेलो होतो, त्याचा वृत्तान्त देतो.

वरचे ठिकाण हद्दीच्या भिंतीबाहेर, शेवटच्या घरांच्या वर मिळाले. जांभळाच्या सावलीत ओढा दोन हात रुंद आहे आणि पाणी पोटरीइतकेही नाही. घड्याळ लावून तीन मिनिटे ढवळले. ट्रेमध्ये आधी फक्त कुजकी पाने होती, आणि मग टाचणी यांनी लिहिल्याप्रमाणे अगदी तसेच झाले. वाळूची नळी अंगावर घेऊन एक अळी चालू लागली. दुसरा गोटा उलटल्यावर त्याला चिकटलेली चपटी पिल्ले होती. बोट जवळ नेले की खेकड्यासारखी तिरकी सरकून दगडाच्या दुसऱ्या बाजूला जात होती. आमच्याबरोबरच्या नववीतल्या मुलीने त्यांचे कल्ले भिंगातून पाहिले आणि तिथून उठायलाच तयार नव्हती. वास फक्त ओल्या मातीचा होता.

आमच्या भिंतीजवळचे ठिकाण तिथून चालत बारा मिनिटांवर आहे. तिथे जाळी वर काढली तर तिचा रंगच बदलला होता. काळा, तेलकट गाळ, त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या, आणि गाळ पाण्याने निवळल्यावर लाल अळ्या व तांबडे धागे. दोन फायसा गोगलगाई मिळाल्या. बाकी काही नाही. काठावरच्या झुडपावर तो नारिंगी चतुर बसलेला होता, तेव्हा त्याच्या नावाने आम्ही सगळे हसलो.

विंकलरच्या दोन बाटल्या शेजारच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांनी करून दिल्या. वरच्या बाटलीतला साका तपकिरी, आमच्या भिंतीजवळच्या बाटलीतला मळकट पांढरा. त्यांचे छायाचित्र सूचनाफलकावर ऑगस्टच्या अहवालाशेजारी लावले आहे.

वाहकतेची उडी कुठे लागते हेही पाहिले. पहिली उडी वस्तीच्या सुरुवातीला एका उघड्या गटाराशी लागली, ती अपेक्षितच होती. दुसरी, आणि मोठी, आमच्याच वसाहतीच्या मागच्या फाटकापासून वीस पावलांवर लागली. तिथे भिंतीच्या तळाशी सहा इंची नळ आहे. सचिवांच्या म्हणण्यानुसार तो पावसाच्या पाण्याचा आहे. नोव्हेंबरमध्ये, तीन आठवड्यांत पावसाचा थेंब नसताना, त्यातून कोमट, साबणाचा वास असलेले पाणी येत होते.

आता प्रश्न असा आहे की ते आमच्या दोन इमारतींपैकी नेमक्या कुठल्या इमारतीच्या जोडणीतून येते. रसायनशाळा, मोऱ्यांत रंग सोडून वाट शोधण्याची काही निरुपद्रवी रीत असेल तर कृपया सविस्तर लिहा. पुढच्या रविवारी सकाळी प्लंबर यायला तयार आहे.

रसायनशाळा

फ्लुरेसीन नावाचा हिरवा-पिवळा रंग ह्याच कामासाठी वापरतात. अगदी चिमूटभर पुरतो आणि पाण्यात त्याची चमक लगेच ओळखू येते. एका वेळी एकाच इमारतीत, तळमजल्यावरच्या एकाच संडासात टाका आणि नळाशी एक माणूस घड्याळ घेऊन बसवा. एका इमारतीची तपासणी झाल्यावर पाणी पूर्ण निवळेपर्यंत थांबा, तरच दुसरी घ्या. घाई केलीत तर दोन्ही इमारती एकमेकींकडे बोट दाखवतील. ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना आदल्या दिवशी कळवून ठेवा, नाही तर हिरवे पाणी पाहून ते पोलिसांना बोलावतील.